ऑटोराऊटरला आपण सांगितलं काय?

कोल्हापूरचं नाव निघतं ते फाउंड्रीसाठी. पण त्याच फाउंड्रीच्या भट्टीचं तापमान सांभाळणारं कार्ड, इचलकरंजीच्या मागाला धागा तुटताच थांबवणारं कार्ड, शेतातला पंप एक फेज गेल्यावर जळू न देणारं कार्ड, अशी कितीतरी कार्डं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या लहान लहान जागांत डिझाइन होतात. या कार्डांवरचे तांब्याचे ट्रॅक हाताने ओढायचे की ते आपोआप ओढणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, म्हणजे ऑटोराऊटरकडून, ओढून घ्यायचे, यावर आमच्या मंडळींत सध्या हमरीतुमरीवर येऊन वाद चालतात. एआयवर चालणारे राऊटर आल्यापासून वादाला धार चढली आहे आणि तो आता कॉलेजांपर्यंत पोचला आहे. मुलांना हाताने राऊटिंग, म्हणजे ट्रॅक ओढणं, शिकवत बसायचं, की तो वेळ दुसऱ्या कशाला द्यायचा? एक बाजू म्हणते, ऑटोराऊटरचं कार्ड लांबून ओळखू येतं, तो कचरा असतो, बटण दाबणाऱ्याला डिझायनर म्हणू नये. दुसरी म्हणते, चिपमधल्या कोट्यवधी जोडण्या यंत्रं करतात, तिथे तुमच्या ऐंशी-शंभर जोडण्यांचं काय घेऊन बसलात? दोन्हीकडे माझे मित्र आहेत, दोन्हीकडे हुशार माणसं आहेत. तरीही हा वाद वाईट रीतीने लढवला जातो आहे असं मला वाटतं, कारण एक बाजू कार्डाचं रूप मोजते आणि दुसरी वेळ. कार्ड चालेल का, दहा वर्षं चालेल का, हे या दोन्हींतून कळत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याला आपण ऑटोराऊटरचा दर्जा म्हणतो, तो बऱ्याच अंशी आपण त्याला दिलेल्या माहितीचा दर्जा असतो, आणि आपल्याकडे ती माहिती त्याला दिलीच जात नाही. ती अनुभवी डिझायनरच्या डोक्यात राहते. नव्याच्या डोक्यात तर तीही नसते. म्हणून ट्रॅक कोणी ओढायचे हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न हा की या कार्डाला काय हवं आहे, हे लिहून कोण ठेवणार? ते लिहिलं असेल तर यंत्र मोठ्या उपयोगाचं आहे. लिहिलं नसेल तर हाताने ओढलेलं कार्डसुद्धा ओढणाऱ्याच्या त्या दिवशीच्या लक्षावर अवलंबून असतं.

यंत्र नेमकं काय करतं ते पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९६१ साली बेल लॅब्जमधल्या सी. वाय. ली यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. बोर्डाची चौकटी-चौकटींची जाळी करायची, एका टोकापासून सुरुवात करून शेजारच्या प्रत्येक मोकळ्या चौकटीत १, तिच्या शेजारी २, असे आकडे भरत जायचं, दुसरं टोक सापडलं की उतरत्या आकड्यांच्या मागाने परत यायचं. वाट असेल तर ती सापडतेच, आणि त्या जाळीवरची सगळ्यांत आखूड वाट सापडते. पण हे एका जोडणीपुरतं. पहिल्या जोडणीची आखूड वाट दहाव्या जोडणीच्या आड येते. म्हणून पुढच्या राऊटरांनी आधी ओढलेले ट्रॅक उखडायचे, पुन्हा ओढायचे, गर्दीच्या जागेची किंमत वाढवत न्यायची, असे उपाय काढले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या स्पेक्ट्रा या राऊटरने जाळी सोडून ट्रॅक आणि पॅड (घटक सोल्डर करायच्या तांब्याच्या जागा) यांच्या प्रत्यक्ष आकारांवरून जागा शोधायला सुरुवात केली. आज किकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून फ्रीराऊटिंग या ऑटोराऊटरला बोर्ड पाठवताना जी फाइल जाते ती याच स्पेक्ट्राच्या नमुन्यातली आहे. साठ वर्षांत वेग वाढला, अक्कल वाढली, पण यंत्राला दिलेलं मूळ काम तेच राहिलं. ही टोकं एकमेकांना जोड, कुठे शॉर्ट होऊ देऊ नकोस, सांगितलेलं अंतर पाळ. हे काम ते चोख करतं. शंभर टक्के जोडण्या पूर्ण झाल्याचं ते सांगतं तेव्हा ते खरंच सांगत असतं.

मग बिघडतं कुठे? यंत्राच्या हाती असते नेटलिस्ट, म्हणजे कुठलं टोक कुठल्या टोकाला जोडायचं याची यादी, आणि नेटलिस्टच्या लेखी ग्राउंड नावाची, म्हणजे प्रवाहाच्या परतीची, सगळी टोकं म्हणजे एकच बिंदू. तांब्याला हे मान्य नाही. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा चौरस तुकडा, लहान असो की मोठा, एका बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत सुमारे अर्धा मिलिओहम रोध दाखवतो. पाव मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर लांब ट्रॅक म्हणजे असे शंभर चौरस एकापुढे एक, म्हणजे ५० मिलिओहम. आता हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचा कंट्रोलर घ्या. के टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. त्याच कार्डावर बारा व्होल्टचा रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, आहे, त्याची कॉइल ३० मिलिअँपिअर घेते. ऑटोराऊटरने थर्मोकपलची ग्राउंड आणि रिलेची परतीची वाट त्या २५ मिलिमीटरच्या एकाच ट्रॅकवरून नेली, तर रिले ओढताच त्या ट्रॅकवर दीड मिलिव्होल्ट पडतात. म्हणजे तापमानाच्या आकड्यात सुमारे ३६ अंशांची चूक. ती चूक वरच्या दिशेची असेल तर कंट्रोलरला वाटतं की भट्टी तापली. तो रिले सोडतो, आकडा खाली येतो, रिले पुन्हा ओढतो आणि भट्टीचा मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, थडथडत राहतो. चूक उलट दिशेची असेल तर भट्टी ३६ अंश जास्त तापते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. सॉफ्टवेअरची तपासणी या कार्डात एकही दोष दाखवणार नाही. मीटरचा बझर सगळीकडे वाजेल. जोडण्या शंभर टक्के पूर्ण आहेत.

हे उदाहरण ऐकून हाताने ओढणाऱ्या बाजूचे मित्र खूश होतात, पण त्यांनी एवढ्यात खूश होऊ नये. हाच ट्रॅक हाताने ओढलेल्या कार्डांवरही दिसतो. दुरुस्तीला येणाऱ्या कार्डांत मी असे बोर्ड पाहतो, ज्यांचे ट्रॅक एकमेकांना समांतर, वळणं मोजून ४५ अंशांची, नजर हटू नये इतकी नीट, आणि ग्राउंड मात्र एका घटकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात साखळीसारखी ओवलेली. डोळ्याला सुंदर दिसणं आणि विजेला सोयीचं असणं यांचा आपोआप संबंध नाही. ९० अंशांच्या कोपऱ्याचंच घ्या. ऑटोराऊटरच्या कार्डाला हिणवताना तो कोपरा पहिल्यांदा दाखवला जातो. आपली कार्डं ज्या वेगावर चालतात त्या वेगाला त्या कोपऱ्याने काहीही बिघडत नाही. ही सवय मायलारच्या फिल्मवर काळ्या टेपच्या पट्ट्या चिकटवून, मोठ्या मापात लेआउट करून, नंतर फोटोने लहान करण्याच्या काळातून आणि तेव्हाच्या एचिंगच्या (नको असलेलं तांबं रसायनाने काढण्याच्या) अडचणींतून आली. त्या काळातली कारागिरी थोर होती आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्या नियमाचं कारण सांगता येत नाही तो नियम नव्या मुलावर लादला की मूल कारण शोधायचं सोडून देतं. ऑटोराऊटरवरचे निम्मे आक्षेप या जातीचे आहेत. वाकडेतिकडे ट्रॅक, जास्त व्हाया (ट्रॅक एका पदरातून दुसऱ्यात नेणारी भोकं), नक्षी नाही. यांतल्या कुठल्या व्हायाने कुठला प्रवाह अडला, ते सांगा. सांगता आलं तर आक्षेप खरा.

खरे आक्षेप आहेत आणि ते जास्त गंभीर आहेत. पुरवठा स्थिर ठेवणारा डीकपलिंग कपॅसिटर आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पायापाशी हवा आणि पुरवठ्याचा ट्रॅक आधी कपॅसिटरला भेटून मग पायाला जायला हवा. नेटलिस्टमध्ये हा क्रम नसतो, त्यामुळे यंत्र पायाला एकीकडून पुरवठा देतं आणि कपॅसिटरला भलतीकडून. स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये स्विच, डायोड आणि इनपुटचा कपॅसिटर यांचा फेरा जितका लहान तितका त्रास कमी, पण फेरा ही गोष्ट यंत्राच्या भाषेत नाहीच, तिथे फक्त तीन वेगवेगळ्या जोडण्या आहेत. करंट मोजायच्या शंटच्या, म्हणजे त्यासाठी वाटेत घातलेल्या लहान रोधाच्या, दोन टोकांवरून मोजमापाच्या तारा थेट शंटच्या पॅडपासून निघायला हव्यात. यंत्राला त्या वाटेत कुठूनही काढता येतात, कारण नाव एकच. आणि वेग वाढला की परतीचा प्रवाह ट्रॅकच्या अगदी खालून परत यायला बघतो. खालच्या तांब्यात कुणी आडवा ट्रॅक ओढून चीर पाडली असेल तर त्याला वळसा पडतो, आणि तो वळसा अँटेना होऊन बसतो. इंडक्शन फर्नेस आणि वेल्डिंग मशीन यांच्या शेजारी बसणाऱ्या कार्डाला हा वळसा परवडत नाही.

इथे आपल्या भागापुरता एक मुद्दा आहे, तो या वादात कुणी मांडताना दिसत नाही. परदेशी तज्ज्ञ ऑटोराऊटरच्या बाजूने लिहितात तेव्हा त्यांच्यासमोर बहुधा तांब्याच्या चार, सहा, आठ पदरांचा बोर्ड असतो. त्यात एक अख्खा पदर ग्राउंडला दिलेला असतो आणि राऊटरला त्याला हात लावायची परवानगी नसते. अशा बोर्डावर यंत्राने वरच्या पदरात कसेही ट्रॅक ओढले तरी परतीची वाट खाली अखंड असते. यंत्राच्या चुका स्वस्तात सुटतात. आपल्याकडची कार्डं मुख्यतः डबल साइड आणि पुष्कळदा सिंगल साइड, कारण ग्राहक पाच रुपयांवरून अडून बसतो. डबल साइड बोर्डावर खालची बाजू राऊटरला मोकळी दिली की तो ती भरपूर वापरतो, आणि नंतर उरलेल्या जागेत ओतलेलं ग्राउंडचं तांबं तुकड्यातुकड्यांचं होतं. म्हणजे ऑटोराऊटर जिथे सगळ्यांत जास्त नुकसान करतो, नेमके तसेच बोर्ड आपण सगळ्यांत जास्त बनवतो. त्यामुळे त्याच्या बाजूचे दाखले जसेच्या तसे इथे लागू पडत नाहीत. त्याच्याविरुद्धचा आपला अनुभवही सगळीकडे लागू पडत नाही. मेमरीच्या चिपकडे जाणाऱ्या चाळीस रेषांची लांबी एकमेकींशी जुळवायची असेल, तर ते काम माणसाने तास न् तास करण्यात काही पुरुषार्थ नाही, यंत्र ते अधिक अचूक करतं. हे मान्य करायला हवं.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यांत बळकट मुद्दा. २०२०च्या ॲपलच्या एम-१ चिपमध्ये १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. तिथल्या तर्कभागातल्या जोडण्या कुणी हाताने ओढत बसलेलं नाही. मग बोर्डावर अडचण कसली? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर शोधताना लक्षात येतं की चिपचं उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देतं. चिपमध्ये यंत्राच्या हाती काम जाण्याआधी किती गोष्टी लिहून झालेल्या असतात! प्रत्येक लॉजिक गेट ठरलेल्या उंचीच्या, आधी मोजून ठेवलेल्या साच्यात बसलेलं असतं. ते कुठल्या भाराला किती उशीर लावतं याचे तक्ते असतात. कुठला सिग्नल किती वेळात कुठे पोचला पाहिजे, याची स्वतंत्र फाइल डिझायनर लिहितो. पुरवठ्याची आणि ग्राउंडची जाळी आधी घातलेली असते. चिप बनवणारा कारखाना नियमांची जंत्री देतो आणि ती पाळल्याशिवाय चिप घेत नाही. मग यंत्र राऊटिंग करतं, आणि झाल्यावर त्याच लिखित अपेक्षांशी ते ताडून पाहिलं जातं. शिवाय त्याच चिपच्या ॲनालॉग (सलग बदलणारे सिग्नल हाताळणाऱ्या) भागाचं लेआउट अजूनही मोठ्या प्रमाणावर माणसं करतात, कारण त्या भागाच्या अपेक्षा अशा तक्त्यांत मांडणं अवघड आहे. आपण यांतलं काय लिहितो? किकॅडमधून जाणाऱ्या त्या फाइलमध्ये नेटचे, म्हणजे एकमेकांना जोडायच्या टोकांच्या गटांचे, वर्ग पाडायला, प्रत्येकाला रुंदी आणि अंतर द्यायला, काही भाग वर्ज्य ठरवायला जागा आहे. आपल्याकडून ती फाइल जाते तेव्हा २३० व्होल्टची नेट आणि थर्मोकपलची नेट एकाच वर्गात असतात, एकाच रुंदीच्या, एकाच अंतराच्या. यंत्राने आपल्याला उत्तर दिलं ते आपण विचारलेल्या प्रश्नाचंच होतं.

दुसरा दाखला कंपायलरचा, म्हणजे माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा मशीन कोड करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, दिला जातो. १९५७ मध्ये आयबीएमच्या जॉन बॅकस यांच्या चमूने फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिचा कंपायलर आणला, तेव्हा हाताने मशीन कोड लिहिणाऱ्यांना खात्री होती की यंत्राने लिहिलेला कोड संथ आणि ढिला असणार. बॅकस यांच्या लोकांनी कोड वेगवान व्हावा म्हणून जिवापाड मेहनत घेतली आणि शंका मागे पडली. आज कोण असेंब्ली लिहितो? तेव्हा राऊटिंगचंही तसंच होणार, असा हा युक्तिवाद. दाखला आकर्षक आहे, पण दोन्ही कामांत एक मूलभूत फरक आहे. फोरट्रानमध्ये लिहिलेलं सूत्र पूर्ण असतं. काय निघायला हवं हे त्यात सगळं आलं, कंपायलरने फक्त ते कसं काढायचं हे ठरवायचं. नेटलिस्ट तशी पूर्ण नाही. काय कशाला जोडलं आहे एवढंच ती सांगते, ती जोडणी कशासाठी आहे हे सांगत नाही. कंपायलरलाही जिथे अर्थ अपुरा मिळाला तिथे तो चुकलाच. सी भाषेत हार्डवेअरचं रजिस्टर वारंवार वाचणारा लूप लिहिला तर कंपायलरला वाटायचं की मधे कुणी ही किंमत बदलत नाही, मग पुन्हा पुन्हा कशाला वाचा? तो एकदाच वाचून मोकळा व्हायचा आणि बिचारा प्रोग्रॅमर रात्रभर कार्ड उकरत बसायचा. उपाय काय झाला? कंपायलर टाकून दिला नाही. भाषेत व्होलटाइल हा शब्द आला, आणि या जागेची किंमत बाहेरून बदलू शकते हे प्रोग्रॅमरने लिहून सांगायचं ठरलं. मायक्रोकंट्रोलरवर काम करणारा आपला प्रत्येक मुलगा हा शब्द शिकतो. बोर्डाच्या बाबतीत तसे शब्द शिकवायचं आपण टाळतो.

आणि हे सगळं आपल्याला परदेशातून शिकायची गरजही नाही, शेजारच्या फाउंड्रीत जाऊन बघावं. कास्टिंगला गेट (धातू आत जायची वाट) कुठून द्यायचं, रायझर (गोठताना आकसणाऱ्या धातूला भर देणारा साठा) कुठे आणि केवढा ठेवायचा, हे मेथडिंग इथे पिढ्यान् पिढ्या अनुभवी मिस्त्रींच्या नजरेने होत आलं. मग सिम्युलेशनची सॉफ्टवेअर आली. धातू साच्यात कसा भरेल, कुठे आधी गोठेल, श्रिंकेज (आकसल्याने पडणारी पोकळी) कुठे राहील, हे पडद्यावर दिसू लागलं. तिथेही हाच वाद झाला. मिस्त्री म्हणत, संगणकाला भट्टी काय कळते. तरुण म्हणत, आता मिस्त्रीची गरज काय. प्रत्यक्षात काय घडलं? सॉफ्टवेअरने विचारलं की धातू कुठल्या तापमानाला ओतता, त्याचं रसायन काय, वाळू कुठली, साच्यात भरायला किती सेकंद लागतात. हे आकडे ज्यांच्याकडे होते त्यांना सॉफ्टवेअरचा उपयोग झाला. ज्यांच्याकडे ‘नेहमीसारखं’ एवढंच उत्तर होतं, त्यांना पडद्यावर सुरेख रंग दिसले आणि कास्टिंग तसंच रिजेक्ट होत राहिलं. चांगल्या मिस्त्रीचं महत्त्व तर वाढलं, कारण आलेल्या चित्रावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्यालाच कळत होतं. मात्र त्याला आपलं ज्ञान बोलून, आकड्यांत मांडून द्यावं लागलं.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत खरा आक्षेप येतो, आणि तो हाताने काम करणाऱ्यांचाच आहे. साठ जोडण्यांचं कार्ड असेल तर नियम लिहायला जितका वेळ जातो तेवढ्यात मी राऊटिंग पूर्ण करतो, मग लिहू कशाला? एका कार्डापुरतं पाहिलं तर हे पूर्णपणे खरं आहे. पण एक कार्ड एकदाच कधी बनलं आहे? बाजारात रिले मिळेनासा होतो, मायक्रोकंट्रोलर बदलतो, ग्राहकाला आणखी एक आउटपुट हवं असतं. वर्षभरात कार्डाची दुसरी आवृत्ती निघते, मग तिसरी. आणि तोवर ज्याने पहिलं कार्ड केलं तो मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेला असतो. कोल्हापूरची ही परिस्थिती आहे, आणि तिच्याबद्दल त्या मुलांना दोष देणं मला पटत नाही, पगार तिकडे जास्त आहे. मागे राहिलेल्याच्या हाती काय येतं? गर्बर फाइली, म्हणजे बोर्ड छापायला द्यायची ट्रॅकची चित्रं, बहुतेकदा मूळ डिझाइनशिवाय. त्या फाइलींत एक ट्रॅक वळसा घालून गेलेला दिसतो. तो मुद्दाम घातलेला वळसा आहे की जागा नव्हती म्हणून? नवा माणूस तो सरळ करतो, कार्ड दिसायला आणखी छान होतं आणि शेतातले पंप पावसाळ्यात ट्रिप व्हायला लागतात. लिहिण्यात गेलेला वेळ पहिल्या कार्डावर वसूल होणार नाही. तो तिसऱ्या आवृत्तीवर, दुसऱ्या माणसाच्या हाती वसूल होतो. लहान गावातल्या उद्योगाला तर याची गरज पुण्याच्या मोठ्या कंपनीपेक्षा जास्त आहे, कारण इथे एक माणूस गेला की सगळा विभाग गेला.

लिहायचं म्हणजे प्रबंध लिहायचा नाही. सर्किट डायग्राममध्येच ॲनालॉग ग्राउंड आणि पॉवर ग्राउंड यांना वेगळी नावं द्यायची आणि त्या दोन्ही एका ठरलेल्या जागी नेट-टायने (दोन नेट मुद्दाम जोडणाऱ्या तांब्याच्या तुकड्याने) जोडायच्या. एवढं केलं की वरच्या थर्मोकपलच्या उदाहरणातली चूक यंत्राला करताच येत नाही, कारण आता ती टोकं त्याच्या लेखी वेगळी झाली. स्विचिंगचा फेरा, क्रिस्टल, शंटच्या तारा हाताने ओढून कुलूपबंद करायच्या. २३० व्होल्टच्या नेटना वेगळा वर्ग द्यायचा आणि त्यांचं बाकीच्यांपासूनचं अंतर लागू असलेल्या मानकाप्रमाणे लिहायचं. खालच्या बाजूचा ग्राउंडचा पट्टा वर्ज्य भाग म्हणून आखायचा. प्लेसमेंट, म्हणजे घटकांची मांडणी, स्वतः करायची, कारण वाईट प्लेसमेंटवर चांगलं राऊटिंग ना माणसाला जमतं ना यंत्राला. यानंतर एलईडी, कीपॅड, डिस्प्ले, कनेक्टर यांच्या ज्या पन्नास-साठ निरुपद्रवी जोडण्या उरतात, त्या ऑटोराऊटरला द्याव्यात आणि अभिमानाने द्याव्यात.

एआयबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण तरुण मित्रांचं म्हणणं असं की हा हेतू आता यंत्र स्वतःच शिकेल, हजारो बोर्ड पाहून. तयार बोर्डांच्या फाइलींतून यंत्र आकार शिकू शकतं, त्यात शंका नाही. कपॅसिटर पायाजवळ ठेवायची पद्धत ते नक्की उचलेल, आणि तेवढं झालं तरी पुष्कळ झालं. पण शेतात जाऊन बिघडलेलं कार्ड आणि दहा वर्षं चाललेलं कार्ड यांच्या गर्बर फाइलींत तो निकाल कुठे लिहिलेला असतो? चुका करत, बक्षीस मिळवत शिकणाऱ्या पद्धतीतही बक्षीस कशाला द्यायचं हे कुणाला तरी ठरवावं लागतं. जोडण्या पूर्ण होणं, लांबी कमी होणं आणि व्हाया कमी होणं यांना बक्षीस दिलं तर यंत्र तेच करायला शिकेल, आणि ते ली यांच्या आखूड वाटेपेक्षा हेतूच्या जवळ गेलेलं नसेल. काही नवी साधनं विद्युतचुंबकीय आणि उष्णतेचे निकष तपासत राऊटिंग करायचा प्रयत्न करतात. ही दिशा बरोबर आहे आणि मला तिच्याबद्दल आशा आहे. पण तीही विचारतात की कुठल्या नेटमधून किती प्रवाह, कुठल्या वारंवारतेचा. उत्तर देणारा माणूस लागतोच.

म्हणून कॉलेजांना माझी विनंती आहे. हाताने राऊटिंग शिकवायचं की नाही, यावर वेळ घालवू नका. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मुलाला सर्किट डायग्राम द्या आणि संगणकाला हात लावण्याआधी एक तक्ता भरून घ्या. प्रत्येक महत्त्वाच्या नेटमधून किती प्रवाह जातो, किती व्होल्टेज आहे, किती वेगाने बदलतं, आणि परतीचा प्रवाह कुठून येणार. मग त्याने ट्रॅक हाताने ओढले काय किंवा यंत्राकडून ओढून घेतले काय, मार्क त्या तक्त्याशी बोर्ड किती जुळला यावर द्या. हाताने ओढण्याचा सराव मीही करून घेईन, पण सुबकपणासाठी नव्हे. ग्राउंडचा प्रवाह बोटाने माग काढत परत आणून दाखवता येतो का, हे त्यातच कळतं. ज्या मुलाला ते जमतं त्याने बटण दाबलं तर मला काळजी वाटत नाही. आज प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत ‘राऊटिंग पूर्ण झालं का’ एवढं विचारून पुढच्या मुलाला हाक मारली जाते, तेव्हा मला काळजी वाटते.

हा फक्त कॉलेजांचा आणि आमच्या धंद्याचा प्रश्न नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक घटकांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तिच्यात बहुपदरी सर्किट बोर्डही आहेत. बोर्ड छापायचे कारखाने देशात वाढले तर चार पदरी बोर्ड आपल्या लहान कारखान्यांनाही परवडू लागेल, आणि वर म्हटल्याप्रमाणे ऑटोराऊटरची निम्मी वाईट कीर्ती त्या अखंड ग्राउंडच्या पदराखाली झाकली जाईल. तेव्हा त्यावर काय छापायचं, हे सांगणारी माणसं आपल्याकडे असायला हवीत. कार्ड विकत घेणाऱ्या फाउंड्रीवाल्यांना आणि पॅनेलवाल्यांना यात आजही बरंच करता येईल. कास्टिंगची ऑर्डर देताना तुम्ही ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहून देता, मटेरियलचा टेस्ट रिपोर्ट मागता, आणि कार्ड घेताना मात्र चालू करून बघता आणि दर पाडता. यापुढे जॉबवर्कवाल्याकडून गर्बरसोबत मूळ डिझाइनची फाइल मागा, आणि तिच्यासोबत तो नेटचा तक्ता मागा. ट्रॅक कोणी ओढले ते विचारू नका. तक्ता कोणी भरला ते विचारा, त्यावर त्याची सही घ्या, आणि त्यासाठी दोन पैसे जास्त मागितले तर द्या.